चिखलदऱ्याची दीड एकर जुनी कॉफी, स्पेशॅलिटी म्हणून विकता येईल का?

दीड_एकर

नमस्कार मंडळी. मामांची चिखलदऱ्याच्या अलीकडे थोडी जमीन आहे, त्यात दीडेक एकरात कॉफी आहे. काही झाडं आजोबांच्याही आधीची, बाकी मामांनी मधेमधे रोपं लावत नेलेली. आजवर काय व्हायचं, तर डिसेंबर-जानेवारीत लाल-हिरवी फळं सगळी एकदम ओरबाडायची, अंगणात ताडपत्रीवर टाकायची, आणि एक व्यापारी येऊन तो म्हणेल त्या भावाने उचलून न्यायचा. मी पुण्यात असते, इथे एका कॅफेत अडीचशे ग्रॅमचं पाकीट ५६० रुपयांना बघितलं, त्यावर गाव, उंची, नॅचरल, आणि "मनुका, गूळ, संत्र्याची साल" असं सगळं छापलेलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मामा म्हणतात शहाणपणा करू नकोस, मजूर कुठून आणणार.

तर ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी सांगा. एवढ्याशा जागेत हे होतं का, की हे मोठ्या इस्टेटवाल्यांचंच काम? आणि फळ तोडल्यापासून नेमकं काय वेगळं करायचं असतं? मशिनरी किती लागते? यूट्यूबवर सगळे वेगवेगळं सांगतात, डोकं भणाणलं.

क्युरिंगवाला

ताई, मी मूळ कोल्हापूरचा, नोकरी चिकमगळूरला क्युरिंग वर्क्समध्ये, म्हणजे वाळलेली कॉफी सोलून-निवडून तयार करायच्या कारखान्यात. आधी मामांची बाजू घेतो, कारण त्यांना नस कळलीय, हा सगळा खेळ मजुरीचाच आहे.

स्पेशॅलिटीचं झाड काही वेगळं नसतं. झाड तेच, डोंगर तोच, पण तोडण्यापासून पोत्यात भरेपर्यंत माल कुठे बिघडू दिला नाही आणि चाखणाऱ्याने शंभरात ८० च्या वर गुण दिले की झाली स्पेशॅलिटी. लहान जमिनीचा प्रश्नच नाही, आपल्या देशात कॉफीवाले शेकड्याला अठ्ठ्याण्णवच्या वर छोटेच आहेत, मोठ्या इस्टेटी फोटोत जास्त दिसतात एवढंच. उंची तर तुमच्याकडे आहेच, चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास, आमच्याकडची बरीचशी अरेबिका, म्हणजे कॉफीची उंचावर होणारी जात, त्याच पट्ट्यात होते. फक्त झाड अरेबिकाच आहे ना ते बघून घ्या, पान लहान, निमुळतं आणि कडा लाटेसारख्या असतील तर अरेबिका, हाताच्या पंजापेक्षा मोठं रुंद पान असेल तर रोबस्टा.

आता तोडणी. लाल म्हणजे किती लाल हे मजुराला तोंडाने सांगून कळत नाही, करून दाखवावं लागतं. दोन बोटांत फळ धरून दाबलं की बी टपकन बाहेर आलं पाहिजे, जोर लावावा लागला तर ते अजून कच्चं, राहू दे झाडावर. एका झाडावर सगळी फळं एका वेळी पिकत नाहीत, म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात, शेवटची फेरी ओरबाडायची आणि तो माल वेगळा ठेवायचा, तो व्यापाऱ्यालाच द्या. इथेच मामांचं गणित येतं, ओरबाडणारी बाई दिवसाला जेवढं काढते त्याच्या निम्मंसुद्धा लाल वेचताना निघत नाही, आणि किलोवर मजुरी दिली तर ती हिरवं टाकणारच, तिचं काय चुकलं? रोजावर द्या किंवा लाल किलोला दर वाढवून द्या, पण हा खर्च आधी धरा.

दुसरं गणित, जे कॅफेतलं पाकीट बघून कोणी करत नाही. पाच ते सहा किलो पिकल्या फळातून एक किलो हिरवं बी मिळतं, भाजल्यावर त्यातलं पंधरा-वीस टक्के वजन अजून उडतं. म्हणजे समजा तुमची ६०० किलो चांगली लाल फळं निघाली तर १०० किलो हिरवं बी आणि ८०-८५ किलो भाजलेली कॉफी. ५६० च्या पाकिटाने गुणू नका लगेच, त्यात भाजणारा, पाकीट, कुरियर, कॅफेचं भाडं सगळं आहे.

पद्धत कोणती घ्यावी? मी म्हणेन नॅचरल, म्हणजे फळ आहे तसं अख्खं वाळवायचं. वॉश्डला, म्हणजे साल काढून धुऊन वाळवायला, पल्पर (साल काढायचं मशीन) लागतो, टाकी लागते, बी आंबवून बुळबुळीत थर सोडवायला थंडीत दीड दिवससुद्धा जातो, मग भरपूर स्वच्छ पाणी, आणि ते घाण पाणी नाल्यात सोडलं तर खालच्या गावाचे शिव्याशाप वेगळे. नॅचरलला मशीन शून्य, पण लक्ष चोवीस तास. आणि तुमच्याकडे एक गोष्ट आमच्यापेक्षा चांगली आहे, डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते. आमच्याकडे तोडणी सुरू झाली की नोव्हेंबरात हमखास ढग येतात आणि यार्डवर पसरलेला माल उचलताना सगळ्यांची पळापळ.

करायचं असं. फळं आली की त्याच दिवशी पिंपात पाण्यात टाका. तरंगतील ती पोकळ किंवा किडकी, काढून टाका. बुडालेली निथळून जाळीवर. जमिनीवर ताडपत्रीवर नको, खालून वाफ धरते आणि मातीचा वास लागतो. कमरेएवढ्या उंचीवर बांबू आणि शेडनेट किंवा बारीक तारेची जाळी, तीन-साडेतीन फूट रुंद, तीसेक फूट लांब, असे दोन बेड तुम्हाला पुरतील कारण माल फेऱ्याफेऱ्यांनी येणार आहे. पहिले चार-पाच दिवस फळावर फळ चढू देऊ नका, एकेरी थर. बुरशीचा धोका तेव्हाच सगळ्यात जास्त. दर तासाला हात फिरवायचा. दुपारी ऊन फार कडक असेल तर वर एक शेडनेट, नाहीतर साल तडकते आणि आत ओल राहते. संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचं, सकाळी दव उडाल्यावरच उघडायचं. तीन आठवडे तरी धरा, थंडीत थोडं जास्तच. झालं कसं ओळखायचं तर मूठभर फळं कानाशी धरून हलवा, आत बी खुळखुळ वाजलं पाहिजे. पण वाजलं म्हणजे झालंच असं नाही, ओलावा ११ टक्क्यांवर आला पाहिजे आणि तो मीटरनेच कळतो. एवढं एक यंत्र मात्र घ्या किंवा कोणाकडून मागून आणा.

वाळल्यावर टरफलासकट ठेवा, सोलायची घाई नको, टरफलात माल जास्त टिकतो.

दीड_एकर

बापरे, एवढं सविस्तर. खूप खूप आभार. पान लहानच आहे, म्हणजे अरेबिका असणार. ६०० किलो लाल निघेल का याची मात्र शंकाच आहे, गेल्या वर्षी लाल-हिरवं मिळून तेवढं असेल नसेल. मग हा एवढा उपद्व्याप इतक्या कमी मालासाठी करायचा का?

अराकूवाली

करायचा, पण एकटीने नाही. मी काही वर्षं एका संस्थेच्या कामाने अराकूला होते, आंध्रात, पूर्व घाटात, विशाखापट्टणमच्या वर. तिथे आदिवासी कुटुंबांकडे एकेक दोनदोन एकरच कॉफी आहे, सिल्व्हर ओकच्या सावलीत, आणि त्याच ओकवर मिरीचे वेल चढवलेले. उंचीही तुमच्यासारखीच, ९०० ते ११०० मीटर. फिरती शेती करून डोंगर जाळत जाण्यापेक्षा लोकांनी एका जागी काहीतरी लावावं म्हणून सरकारी योजनांतून ही कॉफी पसरली, आणि पुढे पुष्कळ काळ तिला कोणी विचारत नव्हतं. प्रत्येक घर आपापल्या अंगणात वाळवायचं, कोणी रस्त्यावर, कोणी चुलीशेजारी, आणि आठवडी बाजारात व्यापारी मापात मारून घेऊन जायचा. म्हणजे अगदी तुमच्या मामांसारखंच!

बदललं काय, तर घरी वाळवणंच बंद केलं. शेतकऱ्याने फक्त लाल फळ तोडायचं आणि त्याच दिवशी द्यायचं, पुढचं पल्पिंग, आंबवणं, वाळवणं सगळं एका ठिकाणी. नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेबरोबर हे केलं, आंध्र सरकारचं गिरिजन कोऑपरेटिव्ह कॉर्पोरेशनही तिथे खरेदीत आहे. संध्याकाळी गावाच्या तोंडाशी गाडी उभी राहते, बायका डोक्यावर पोती घेऊन उतरतात, पोतं ताडपत्रीवर उपडं करतात आणि सगळ्यांच्या देखत त्यातलं हिरवं वेचून बाजूला काढलं जातं. त्या हिरव्याच्या ढिगाची जी लाज वाटते ना, तिने जेवढी तोडणी सुधारली तेवढी कुठल्या ट्रेनिंगने सुधारली नाही हे माझं स्पष्ट मत आहे. बरोबरीने लाल किलोला सरळ जास्त दर, आणि तो लगेच. पैसे सहा महिन्यांनी मिळणार असतील तर कोणी लाल थांबवून ठेवत नाही, घरात अडचण असली की हिरवंच तोडून विकतो.

त्याच कॉफीचं २०१७ मध्ये पॅरिसला दुकान उघडलं, २०१९ मध्ये अराकू व्हॅली अरेबिकाला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी ओळख, मिळालं. पण तिकडची चकचकीत पाकिटं बघून हुरळून जाऊ नका, मागे हजारो घरांचा माल एकत्र करायची यंत्रणा आहे. तुमच्या आजूबाजूला आठ-दहा घरांकडे तरी अशीच थोडी थोडी झाडं असतील ना? त्यांच्याकडून पिकलेलं फळ विकत घ्या, व्यापाऱ्यापेक्षा दर जास्त द्या, आणि वाळवा मामांच्याच अंगणात. वाळलेलं कोणाकडूनही घेऊ नका, ते कसं वाळवलंय ते देव जाणे.

परतवाड्याचा_भाऊ

ताई मी परतवाड्याचा. हे सारे लोक बरोबरच सांगून राहिले, पण तिकडचं गणित वेगळं अन् आपलं वेगळं. कर्नाटकात मार्च-एप्रिलमंदी वळवाचा पाऊस येते, त्या पावसानं कळी फुगते अन् आठ-दहा दिवसांत पांढरं फूल निघते. आपल्याकडे त्या टायमाले पाऊस आला तं आला, नाही तं नाही. अन् अर्धवट चार थेंब पडले तं अजूनच वांदे, कळी फुगते पण उमलत नाही, गेलं त्या वर्षाचं पीक. तुमची ६०० किलो होत नाहीत त्याचं कारण हेच असन, झाडं म्हातारी आहेत म्हणून नाही फक्त. उन्हाळ्यात चिखलदऱ्याले प्यायच्या पाण्याचीच बोंब, झाडाले कुठून देसान? शेततळं असन अन् पावसाळ्यातलं पाणी राखून ठेवलं, तं मार्चमंदी एकदा जोरदार स्प्रिंकलर मारा अन् तीनेक आठवड्यांनी पुन्हा एकदा. एवढं जमलं तं मंग बाकीच्या गोष्टी करा. फूलच नाही लागलं तं नॅचरल कायले अन् वॉश्ड कायले.

अन् लाल होईपर्यंत झाडावर ठेवायचं म्हणता, तं वांदरं अन् रानडुकरं काय उपाशी बसतीन काय? मामा हिरवं-लाल एकदम काहून तोडते हे त्यायले विचारा एकदा, मले वाटते त्याचं उत्तर हेच येईन. राखण लागते बाप्पा.

गिऱ्हाईक पुण्यात कायले शोधता पण? पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी अमरावती, नागपूर, अकोल्याच्या गाड्यांची रांग तुमच्या दारावरूनच जाते. त्यायले खरी इथलीच कॉफी पाहिजे असते अन् भेटत नाही. बाजारात चिखलदरा कॉफी म्हणून पुड्या भेटतात, त्या साऱ्याच इथल्या बियांच्या असतीन असं मले काही वाटत नाही, एका पुडीवर मी मागच्या बाजूले बारीक अक्षरात चिकोरी (एका मुळाची भाजकी पूड) ४० टक्के वाचलं. कायद्यात बसते ते, ५१ टक्के कॉफी असली की झालं, पण मंग तिले चिखलदरा कायले म्हणायचं. तुम्ही नुसती कॉफी विका, झाडं दाखवा, कप पाजा, अन् तिथंच पाकीट द्या.

भाजका_बी

पुण्यात छोटं रोस्टिंग युनिट आहे माझं, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून सांगतो. आमच्याकडे सॅम्पल येतं तेव्हा आम्ही गोष्ट नंतर ऐकतो, आधी ३५० ग्रॅम हिरवं बी ताटात पसरून दोष मोजतो. काळं पडलेलं बी, आंबून तपकिरी झालेलं बी, त्यात एकही चालत नाही, फुटकी-बारीक किडकी मिळून थोडी चालतात. मग भाजायचं. कच्चं फळ तोडलं होतं की नाही ते इथे उघडं पडतं, हिरव्या बियांत ते बेमालूम मिसळलेलं असतं पण भाजल्यावर बाकी सगळं ताट तपकिरी आणि मधेच फिकट बदामी दाणे. आम्ही त्यांना क्वेकर म्हणतो. दाताखाली धरा, शेंगदाण्याचं टरफल चावल्यासारखं लागतं, ना गोड ना आंबट. कपात असे दोन-तीन दाणे आले की वर मनुका-गूळ काय लिहिलंय त्याला अर्थ उरत नाही. त्यामुळे क्युरिंगवाल्यांनी तोडणीवर एवढं लिहिलं ते योग्यच.

अराकूवाल्या ताईंशी एका बाबतीत मतभेद. पहिल्याच वर्षी आठ-दहा घरांचा माल गोळा करू नका. एका घरचं हिरवं तुमच्या बेडवर आलं की तुमचा अख्खा लॉट गेला, आणि शेजाऱ्याला माल परत करणं गावात किती अवघड असतं ते सांगायला नको. पहिलं वर्ष फक्त मामांची झाडं, फक्त मधल्या दोन फेऱ्यांतलं लाल फळ, भले वीस-पंचवीस किलो हिरवं बी का होईना. माझ्यासारखे छोटे रोस्टर तेवढं घेतात, उलट महाराष्ट्रातली कॉफी म्हणून उड्या पडतील. त्यातलं थोडं बंगळूरला कॉफी बोर्डाच्या क्वालिटी लॅबला पाठवून चाखून घ्या, फी देऊन करून देतात, म्हणजे कोणी उगाच पाडून किंवा चढवून बोलणार नाही.

आणि कृपा करून पहिल्या वर्षी ते निळ्या ड्रममध्ये फळं कोंबून झाकण लावणं, यीस्ट घालणं, अननसाचा रस ओतणं असले प्रकार नकोत. ॲनारोबिकची, म्हणजे असं हवाबंद आंबवायची, फॅशन आहे, मीही विकतो, पण साधं नॅचरल स्वच्छ जमल्याशिवाय ते केलं तर नेलपॉलिशचा वास येतो आणि तो भाजूनही जात नाही.

भावाचं एक खरं सांगतो, कारण इथे ते कोणी बोललं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली, तेव्हा साध्या मालाचाच भाव इतका चढला की माझ्याकडे नेहमी माल देणारे एक शेतकरी म्हणाले, लाल वेचत कशाला बसू, आहे तस्संच विकतो. त्यांना काय उत्तर देणार? जास्तीचा दर आणि जास्तीची मजुरी यातली फट बाजार चढला की बारीक होते. मामांना हे सांगून ठेवा, म्हणजे एखाद्या वर्षी तसं झालं तर तुम्ही त्यांना फसवलंत असं वाटायला नको. पर्यटकांना थेट भाजून विकायची भाऊंची आयडिया मला म्हणूनच जास्त पटते, तिथे न्यूयॉर्कचा काही संबंध नाही. फूड लायसन्सचं साधं रजिस्ट्रेशन मात्र करून घ्या, छोट्या धंद्याला ते सोपं आहे.

दीड_एकर

सगळं मामांना वाचून दाखवलं. माकडांचं ऐकून हसले आणि म्हणाले, "तो परतवाड्याचा माणूस शहाणा आहे." शेततळं नाहीये, पण पागोळीचं पाणी साठवायची टाकी आहे, जुन्या झाडांपैकी जवळच्या पन्नासेकांना तरी पाणी देऊ म्हणाले. म्हणजे यंदा तेवढ्याच झाडांचं लाल फळ आणि एकच बेड. ही त्यांची अट.

अजून एक. काही झाडांची पानं पिवळी पडून लोंबतात आणि खोडावर आडव्या वळ्या उठल्यासारख्या दिसतात. दोन वर्षांपूर्वी ऊन मिळावं म्हणून वरची मोठी झाडं बरीच छाटली होती, त्यानंतरच हे सुरू झालं. याचा संबंध असेल का?

क्युरिंगवाला

संबंध आहेच. तो पांढरा खोडकिडा, अरेबिकाचा आपल्याकडचा एक नंबरचा शत्रू. त्याचा भुंगेरा उन्हातल्या खोडावर अंडी घालतो, अळी आत शिरून खोड पोखरते, त्याच त्या वळ्या. आत शिरल्यावर औषध मारून काही उपयोग होत नाही. अशी झाडं मुळापासून उपटा आणि जाळा, रचून ठेवू नका, रचलेल्या लाकडातूनही भुंगेरे बाहेर येतात. किडा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर उडतो, म्हणून मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये एकेक झाड बघत फिरायचं. चांगल्या झाडांच्या खोडावरची सुटलेली साल काथ्याने घासून काढा, भेगा उरल्या नाहीत की अंडी घालायला जागा मिळत नाही, आणि वरून १० टक्के चुन्याचं पाणी द्या. सावली परत वाढू द्या, तिच्याविना अरेबिका तिथे टिकणार नाही. रिकाम्या जागी नवीन रोपं लावताना कॉफी बोर्डाचं चंद्रगिरी वाण मिळालं तर बघा, तांबेऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि बुटकं असल्याने तोडायला सोपं.

पन्नास झाडं म्हणजे अगदी बरोबर ठरवलंत, मामांना नमस्कार सांगा. आणि वाळलेला माल नव्या गोणपाटात भरा, फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. घरात युरियाची रिकामी पोती पडलेली असतातच, त्यात भरू नका, हात जोडतो.

परतवाड्याचा_भाऊ

टाकीचं झाकण पक्कं बसवा ताई, वांदरं लय हुशार. अन् पहिलं पाकीट तयार झालं की इथं सांगजा, परतवाड्याहून वर यायले मले तासभर लागते.